बंद किल्ल्यासमोरचे उघडे दार

दिल्लीला जाण्यामागे तीर्थवंदनेचा हेतू मुळीच नव्हता. कन्येची नोकरीसाठीची मुलाखत सोमवारी होती, परतीची गाडी रात्रीची होती आणि मधला संपूर्ण दिवस आम्हा उभयतांपुढे मोकळा होता. कार्यालयाबाहेर ताटकळत बसण्यापेक्षा थोडे शहर पाहावे, असे सौभाग्यवतीने सुचवले. “अहो, शाळेच्या पुस्तकातला लाल किल्ला तरी डोळ्यांनी पाहू,” एवढाच आमचा बेत. सकाळी लवकर मेट्रोने लाल किल्ला स्थानकावर उतरलो आणि तेथे गेल्यावर कळले, की सोमवारी किल्ला बंद असतो!

बाहेर उभे राहूनच तटबंदी न्याहाळली. शहाजहानने १६३९ मध्ये या किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ केला आणि १६४८ मध्ये ते पूर्ण झाले. पुढे दहा वर्षेही लोटली नाहीत, तोच त्याच्या मुलांमध्ये गादीसाठी युद्ध जुंपले. १६५९ मध्ये थोरल्या दारा शुकोहची याच नगरीच्या रस्त्यांवरून धिंड निघाली आणि त्याचा वध झाला. किल्ला बांधणारा बाप १६६६ मध्ये मरेपर्यंत आग्र्याच्या किल्ल्यात मुलाच्या कैदेत राहिला.

“एवढी भक्कम भिंत,” सौभाग्यवती म्हणाली, “पण भांडण बाहेरून आलेच नाही. ते घरातच होते.”

मी काही बोललो नाही. आमच्या घरातही ते होतेच. आजोबांच्या वाड्याच्या वाटणीवरून दादाचा आणि माझा दावा न्यायालयात चालू होता. चार वर्षांत आम्ही एकमेकांशी अक्षरही बोललो नव्हतो. गावच्या जिनमंदिरात तो सकाळी सात वाजता अभिषेकाला येतो, म्हणून मी साडेपाचलाच दर्शन उरकून परतत असे. दरवर्षी क्षमावाणीच्या दिवशी शेकडो लोकांना क्षमायाचनेचे संदेश पाठवीत होतो. त्या यादीत एकच नाव नसे.

रस्त्याकडे वळलो तो समोरच लाल दगडाची शिखरे दिसली. श्री दिगंबर जैन लाल मंदिर! किल्ल्याचे दार बंद होते, हे उघडे होते. हातपाय धुऊन आम्ही आत गेलो.

या मंदिराची परंपरा शहाजहानच्या काळापर्यंत जाते. मोगल लष्करातील जैन अधिकाऱ्याच्या तंबूत जिनबिंबाची पूजा होत असे, त्यातून हे मंदिर उभे राहिले, अशी आख्यायिका आहे. म्हणूनच त्याला पूर्वी ‘लष्करी मंदिर’ म्हणत. आजची लाल दगडाची वास्तू मात्र नंतरची आहे. वरच्या मजल्यावर वेदीसमोर णमोकार मंत्र म्हणून डोळे उघडले आणि भगवान पार्श्वनाथांच्या संगमरवरी प्रतिमेवर नजर स्थिरावली. “ही संवत १५४८ ची प्रतिमा,” शेजारी जप करीत बसलेले एक वृद्ध श्रावक म्हणाले.

संवत १५४८! हा आकडा मी बालपणापासून ओळखत होतो. मुडासा नगरीच्या साहू जीवराज पापडीवाल यांनी भट्टारक जिनचंद्रांच्या हस्ते त्या वर्षीच्या अक्षय तृतीयेला असंख्य जिनबिंबांची प्रतिष्ठा करविली आणि ती गावोगावच्या मंदिरांत पाठविली. आपल्या महाराष्ट्रातील अनेक मंदिरांत ती आजही पूजेत आहेत. आमच्या गावच्या वेदीवरील लहानसे पार्श्वनाथ त्यांपैकीच एक. आजोबा आम्हा दोघा भावांना त्या प्रतिमेच्या पादपीठावरील लेखावर बोट ठेवून अक्षरे वाचायला शिकवीत. लेखाचा शेवट ते पुन्हा पुन्हा दाखवीत. जीवराजांनी ‘हे मी घडविले’ असे तेथे कोरले नाही. आपण नित्य प्रणाम करतो, एवढेच कोरले. समोरच्या किल्ल्याहून ही प्रतिमा सुमारे दीडशे वर्षांनी जुनी आहे. किल्ल्याचे मालक बदलत गेले. प्रणाम मात्र अखंड चालू आहे.

“धरमपुऱ्याचे नया मंदिर पाहिले नसेल तर आत्ताच जा, दुपारी बंद होईल,” त्या श्रावकांनी सुचवले. सायकलरिक्षाने दरीबा कलाँच्या चांदीच्या दुकानांमधून आम्ही निघालो. पुढच्या गल्ल्या इतक्या अरुंद होत्या, की पायी चालणेच सोयीचे झाले. राजा हरसुखराय यांनी बांधविलेले हे मंदिर १८०७ मध्ये पूर्ण झाले. संगमरवरातील रंगीत दगडांची जडावाची वेलबुट्टी पाहताना डोळे निवतात. परंतु त्या दिवशी माझ्या मनात घर केले ते या मंदिराविषयी सांगितल्या जाणाऱ्या एका हकिकतीने.

मंदिर जवळजवळ पूर्ण झाले असताना हरसुखरायांनी अचानक काम थांबविले. समाजाची मंडळी विचारपूस करू लागली, तेव्हा ‘माझ्याजवळचा पैसा संपला’ असे त्यांनी सांगितले. लोकांनी वर्गणी देऊ केली. त्यातील अगदी थोडी रक्कम त्यांनी स्वीकारली, काम पूर्ण केले आणि मंदिर पंचांच्या स्वाधीन केले. पैसा संपलेला नव्हताच. मंदिरावर आपले एकट्याचे नाव राहू नये, ते सर्वांचे व्हावे, यासाठी केलेली ती युक्ती होती! अपरिग्रहावरील प्रवचने मी पुष्कळ ऐकली आहेत. पण स्वतःच्या हाताने उभारलेल्या वास्तूवरचा हक्क कसा सोडावा, हे त्या गल्लीत प्रथम उमगले. मी तर आजोबांनी बांधलेल्या चार खोल्यांवरचा हक्क उराशी धरून बसलो होतो.

भोजन आटोपून आम्ही पुन्हा लाल मंदिराच्या आवारात आलो, ते तेथील पक्षी रुग्णालय पाहण्यासाठी. १९५७ पासून ते या जागेत आहे. येथे जखमी पक्ष्यांवर विनामूल्य उपचार होतात. मजल्यामजल्यावर पिंजरे आणि त्यांत बहुसंख्य कबुतरे. कुणाचा पंख पतंगाच्या मांजाने चिरलेला, कुणी पंख्याच्या पात्याने घायाळ झालेले. बरे झालेले पक्षी गच्चीवरून आकाशात सोडले जातात.

आम्ही उभे असतानाच एक तरुण खोक्यातून घार घेऊन आला. माझ्या मनात आले, येथे शिकारी पक्ष्याला कोण घेणार? परंतु तेथील सेवकाने तिला कापडात धरून जखम शांतपणे धुतली, औषध लावले, पट्टी बांधली आणि ती तरुणाकडे परत दिली. येथे मांसाहार दिला जात नाही, म्हणून शिकारी पक्ष्यांना मुक्कामी ठेवत नाहीत. पण औषधोपचार त्यांनाही नाकारत नाहीत. “वेदना तिलाही होतेच ना!” सेवक सहज म्हणाला.

मघाशी दर्शन घेतलेले पार्श्वप्रभू आठवले. त्यांची भवावली आपण सर्वांनी ऐकली आहे. प्रभूंचा जीव मरुभूती असताना कमठ हा त्याचा सख्खा थोरला भाऊ होता. हद्दपार झालेल्या त्या भावाला भेटायला, क्षमा मागायला मरुभूती स्वतः गेला आणि कमठाने त्याच्या मस्तकावर शिळा घातली. ते वैर भवामागून भव चालत राहिले. अखेरच्या भवात एकाने उपसर्ग केला, धरणेंद्राने फणा धरून रक्षण केले आणि प्रभूंचा समभाव दोघांवर सारखाच राहिला. ही कथा ऐकताना मी आजवर स्वतःला मरुभूतीच समजत आलो. त्या घारीकडे पाहताना प्रथमच शंका आली. दादाच्या कथेत कमठ कोण असेल?

गच्चीखालच्या पायरीवर बसून मी फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा पलीकडून “बोल” असा शब्द आला.

“दादा, दिल्लीत आहे. लाल मंदिरात पंधराशे अठ्ठेचाळीसचे पार्श्वनाथ पाहिले. आपल्यासारखेच.”

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “लेख वाचलास का? नानांनी शिकवलेला?”

“चुकलो, दादा,” मी म्हणालो. दुसरे काही सुचले नाही.

“गाडी किती वाजता पोहोचते?” त्याने विचारले.

सूर्यास्तापूर्वी फराळ आटोपून, कन्येला सोबत घेऊन आम्ही स्थानक गाठले. लाल किल्ला आतून पाहायचा राहिला, याची खंत कुणालाच नव्हती.

वाड्याचा प्रश्न अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही. कागदपत्रांना त्यांचा वेळ लागतो. मात्र हल्ली मी साडेपाचला मंदिरात जात नाही. सात वाजता जातो. दादा कलश भरतो, मी प्रतिमा पुसतो आणि पादपीठावरील त्या जुन्या अक्षरांमधून गंधोदकाची धार आम्हा दोघांच्याही ओंजळीत येते.

जय जिनेंद्र.