कामगार पट्ट्यातील उच्च शिक्षण: शिष्यवृत्ती, निर्वाह भत्ता आणि शैक्षणिक कर्ज

महाराष्ट्रात उच्च शिक्षणासाठी मिळणारी सरकारी मदत तीन प्रकारची आहे. पहिली शिक्षण शुल्काची माफी किंवा प्रतिपूर्ती. दुसरी राहण्या-जेवणासाठीचा निर्वाह भत्ता. तिसरी शैक्षणिक कर्जावरील व्याजाची सवलत. यात कर्ज बँक देते आणि व्याजाचा काही भार सरकार उचलते. प्रस्तुत लेखक चाकण एमआयडीसीतील वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरीला असून चिखलीत राहतो. मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या वेळी या तिन्ही प्रकारांशी त्याचा संबंध आला. पुढील माहिती त्या अनुभवाला धरून दिली आहे.

या मदतीला मोठा इतिहास आहे. 1913 साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तिच्या बदल्यात संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता. अशी अट नसलेली अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 मध्ये सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या मुलांना फीची सवलत मिळू लागली. जुन्या पिढीच्या तोंडी ती ‘ईबीसी’ म्हणून बसली आहे.

आजच्या योजनांत ईबीसीचा वारसा राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेकडे आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असेल आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला असेल, तर शिक्षण शुल्काची व परीक्षा शुल्काची निम्मी रक्कम शासन भरते. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गातील मुलींसाठी ही सवलत शंभर टक्के झाली. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ती मिळत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र योजना आहेत.

प्रत्यक्षात सगळे कागदांपासून सुरू होते, आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण या कामगार पट्ट्यात कागद गोळा करणे इतर ठिकाणांपेक्षा अवघड जाते. चिखली, मोशी, भोसरी हवेली तालुक्यात येतात आणि त्यांचे काम निगडीच्या अपर तहसील कार्यालयातून चालते. चाकण खेड तालुक्यात असल्याने तिथल्या रहिवाशाला राजगुरुनगर गाठावे लागते. कामगार मूळचा लातूरचा, बीडचा किंवा बुलढाण्याचा असेल, तर जातीचा दाखला मूळ गावच्या तालुक्यातून काढावा लागतो. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. म्हणजे मुलगी संगणक अभियांत्रिकीला जाणार असली तरी शोध आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा घ्यावा लागतो. त्यानंतर जातवैधता आणि नॉन-क्रिमिलेयर हे टप्पे येतात.

उत्पन्नाच्या दाखल्याचीही वेगळीच अडचण आहे. जून महिन्यात सेतू केंद्राच्या रांगेत प्रस्तुत लेखकाच्या पुढे एक ठेकेदारी कामगार होता. त्याच्याकडे ठेकेदाराची पगार स्लिप होती. खिडकीवरून सांगण्यात आले, “दादा, ही चालायची नाही, कंपनीचं पत्र आणा.” तो म्हणाला, “कंपनी म्हणते, तुम्ही आमचे नाहीच. आणि ठेकेदार या वर्षी बदलला.” शेवटी तलाठ्याचा अहवाल आणि स्वयंघोषणापत्र यांवर त्याचे काम झाले, पण तोवर प्रवेशाची पहिली फेरी उलटून गेली होती.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरला जातो. तो आधी महाविद्यालयाच्या पातळीवर तपासला जातो, मग संबंधित विभागाकडे जातो. त्रुटी निघाली की ‘सेंट बॅक’ असा शेरा पडून तो विद्यार्थ्याकडे परत येतो आणि मुदतीत दुरुस्त न केल्यास त्या वर्षाचा लाभ बुडतो. मंजुरीनंतर पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात. हे खाते विद्यार्थ्याने अर्जात लिहिलेलेच असते असे नाही. ज्या खात्याला आधार सर्वांत शेवटी जोडले गेले, त्यात रक्कम जाते. सुट्टीत महिनाभर कारखान्यात काम केलेल्या मुलाचे ठेकेदाराने पगारासाठी उघडलेले खाते अशा वेळी आड येते. हप्ता मंजूर झाला तरी विद्यार्थ्याने पोर्टलवर ‘रिडीम’चे बटण दाबल्याशिवाय तो पुढे सरकत नाही, ही गोष्ट अनेक घरांना उशिरा कळते.

शुल्कमाफी म्हणजे मोफत शिक्षण नव्हे. माफी शिक्षण शुल्काला आणि परीक्षा शुल्काला आहे. विकास शुल्क, अनामत, बस, पुस्तके, लॅपटॉप हा खर्च घरचाच. पात्र विद्यार्थ्याकडून माफ असलेले शुल्क प्रवेशावेळी घेऊ नये, असे शासनाने बजावलेले आहे. तरीही प्रस्तुत लेखकाला एका महाविद्यालयाच्या खिडकीवर “आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ,” असे ऐकावे लागले. शासन निर्णयाची प्रत पुढे केल्यावर आग्रह विकास शुल्कापुरता राहिला. ते पैसे सोसायटीच्या कर्जातून भरले.

घरापासून दूर राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी 2016-17 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पिंपरी-चिंचवडसारख्या शहरात तिच्यातून वर्षाला 60,000 रुपये मिळतात: जेवणाचे 32,000, राहण्याचे 20,000 आणि इतर खर्चाचे 8,000.

येथे उत्पन्नाची मर्यादा कळीची ठरते. स्वाधार आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती यांना ती वर्षाला अडीच लाख आहे, म्हणजे महिन्याला 20,833 रुपये. चाकणच्या कारखान्यात नियमित ओव्हरटाइम करणारा कामगार ही रेषा सहज ओलांडतो. त्याच्या मुलाला ‘फ्रीशिप’ या वेगळ्या योजनेतून शिक्षण शुल्क मिळते, पण निर्वाह भत्ता आणि स्वाधारचे 60,000 जातात. ओव्हरटाइमने मिळणारी रक्कम त्याहून किती तरी कमी असू शकते. इतर वर्गांना 8 लाख आणि येथे अडीच लाख, ही तफावत समर्थनीय नाही.

कामगारांच्या मुलांसाठी आणखी दोन वाटा आहेत. जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगार कल्याण निधीची जी 25 रुपयांची कपात होते, ती महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे जाते आणि हे मंडळ कामगारांच्या पाल्यांना शिष्यवृत्ती देते. मोशी, वाकड, रावेतच्या बांधकामांवर राबणाऱ्यांसाठी इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. वर्षात 90 दिवस काम केलेल्या नोंदीत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना अभियांत्रिकीसाठी वर्षाला 60,000 आणि वैद्यकीय शिक्षणासाठी 1 लाख रुपये मिळतात.

एवढ्यावर न भागल्यास कर्ज. बँकांच्या सामाईक योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. पालक सहकर्जदार असतो. परतफेड अभ्यासक्रम संपून एक वर्ष झाल्यावर सुरू होते. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलत आहे. कुटुंबाचे उत्पन्न 8 लाखांच्या आत असावे आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेतलेली नसावी. राज्याचे इतर मागासवर्गीय वित्त व विकास महामंडळ देशातील शिक्षणासाठी 10 लाखांपर्यंतच्या कर्जाचे व्याज परत करते, मात्र हप्ते वेळेवर भरले तरच. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना मौलाना आझाद महामंडळाकडून 3 टक्के दराने कर्ज मिळते.

या सर्व योजनांचा क्रम पाहता एक गोष्ट स्पष्ट होते: पैसा उशिरा येतो, पण कागद आधी मागितले जातात. म्हणून ज्यांच्या घरी उच्च शिक्षणाकडे निघालेला विद्यार्थी आहे, त्यांनी जातीचा, वैधतेचा आणि अधिवासाचा दाखला अकरावीतच काढावा, उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्ये घ्यावा, आधार विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्याला जोडून घ्यावे आणि शासन निर्णयाची छापील प्रत प्रवेशाच्या दिवशी सोबत न्यावी.