अटलांटिसची शेवटची फेरी

८ जुलै २०११, टायटसव्हिल

ऑर्लँडोहून पहाटे तीनला निघालो, तरी इंडियन रिव्हरच्या काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. काल उड्डाणतळाजवळ वीज पडली. आज हवामान साथ देण्याची शक्यता ३० टक्केच. "मावशी, अटलांटिसचं उड्डाण पुढे ढकलतील बघ," भाची म्हणाली. ढकललं नाही. पण ३१ सेकंद उरले असताना घड्याळ थांबलं. इंधनटाकीच्या टोकावरचा वायू काढून घेणारा दांडा पुरता मागे सरकलाय ना, ते कॅमेऱ्यातून बघत होते. दोन मिनिटांहून अधिक वेळ काठावर चिडीचूप.

११ वाजून २९ मिनिटांनी पाण्यापलीकडे पांढरा लोट उठला. आवाज नाहीच! यान मुक्यानेच चढलं, पाऊण मिनिटात ढगात गेलं. ते दिसेनासं झाल्यावर मग गडगडाट आला. मांडीवरच्या थर्मासचं झाकण थरथरत राहिलं.

१० जुलै, ऑर्लँडो

अटलांटिस अवकाश स्थानकाला जोडलं गेलं. माणसं चारच: फर्ग्युसन, हर्ली, मॅग्नस, वॉलहाइम. बिघाड झालाच तर सोडवायला दुसरं शटल नाही, एकेकाला रशियन सोयूझमधून आणावं लागेल.

१२ जुलै

दिवसभर टीव्हीसमोर. स्थानकावरचे गॅरन आणि फॉसम साडेसहा तास बाहेर होते. यंत्रांची उष्णता वाहून नेणारा अमोनियाचा पंप गेल्या वर्षी बंद पडला, तो अटलांटिसमध्ये ठेवायचा होता. यांत्रिक हाताच्या टोकाला पाय अडकवून गॅरनने तो कपाटाएवढा पंप दोन्ही हातांनी धरला होता. तिथे वजन जाणवत नाही, पण एकदा हलला की थांबवायला जोर तेवढाच लागतो. भरला हंडा डुचमळू न देता न्यावा, तसा तो नेत होता.

पंप का बिघडला, हे खाली आणून उघडल्याशिवाय कळायचं नाही. आणि एवढी अवजड वस्तू आणणार कोण? प्रोग्रेस हे मालवाहू यान परतताना जळून जातं, सोयूझमध्ये जेमतेम माणसं मावतात. शटल बंद होतंय याची खरी हळहळ मला आज वाटली.

१५ जुलै

रफाएलो या मालकप्प्यातून चार टनांवर सामान उतरवायचं काम चालूच आहे, हिशेब मॅग्नसकडे. वर्षभराची बेगमी! रिकाम्या जागेत मोडकं, नकोसं सामान.

२१ जुलै, टायटसव्हिल

पुन्हा काठावर, अंधारात. आकाशात परतणाऱ्या अटलांटिसचे लागोपाठ दोन धमाके झाले. भाचीने माझा हात घट्ट धरला. ५ वाजून ५७ मिनिटांनी चाकं टेकली. आम्हाला दिसलं काहीच नाही. शेजारच्या रेडिओवर थांबल्याचं सांगितलं, तेव्हा मला आधी तो पंपच आठवला. आला घरी.