हांकेला ओ

झडती घेतली गेली म्हणजे चोरापेक्षां सज्जनालाच अधिक राग येतो. चोराला झडतीची अपेक्षा असते. सज्जन मात्र 'माझ्यावर संशय?' या एकाच विचारानें लाल होतो. हा माझा सिद्धांत घरांतच पडताळून पाहण्याची संधि मला नुकतीच मिळाली.

आमचे चिरंजीव संध्याकाळीं अभ्यास आटोपला कीं संगणकावर मित्रांसह एक सांघिक खेळ खेळतात. मित्र कुणी नाशिकला, कुणी कोल्हापुरास. रणांगण मात्र एकच. एके दिवशीं डाव सुरू होऊन चारदोन मिनिटें होतात न होतात तोंच स्वारी बाहेर फेंकली गेली आणि पडद्यावर अक्षरें उमटलीं: 'फसवणूक-प्रतिबंधक व्यवस्थेशीं संबंध तुटला आहे.' असें तीनदां घडलें. तिसऱ्या खेपेस एका मित्रानें विचारलें, "काय रे, कांहीं लबाडी तर नाहीं ना?" प्रश्न थट्टेचा होता, पण मुलगा त्या रात्रीं जेवला नाहीं.

"बाबा, मीं खरंच कांहीं केलेलं नाहीं हो!" जणूं न्यायाधीश मीच होतों.

अशा वेळीं संदेश नीट वाचणें हा पहिला उपाय होय. 'बंदी' निराळी आणि 'संबंध तुटला' हें निराळें. व्हॉल्व्ह कंपनीची 'व्हॅक' ही व्यवस्था २००२ पासून चालू आहे. तिनें घातलेली बंदी कायमची असते. पण तीच व्यवस्था 'सुरक्षित सर्व्हरवर तुम्हांला खेळतां येणार नाहीं' असें सांगते, तेव्हां बहुधा एखादी फाईल बिघडलेली असते, किंवा दुसरा एखादा प्रोग्रॅम आड आलेला असतो.

या पहारेकऱ्यांची रीत मोठी गमतीची आहे. खेळ चालूं असतां दूरच्या यंत्राकडून घडोघडी हांक येते, आणि आपल्या संगणकांत बसलेल्या हस्तकानें ठराविक वेळांत ओ द्यावी लागते. ओ आली नाहीं कीं खेळाडू बाहेर! कारण लबाड मनुष्य प्रथम हस्तकाचेंच तोंड बांधूं पाहतो. मुका झालेला हस्तक आणि तोंड बांधलेला हस्तक यांतला फरक दुरून ओळखावा कसा?

आम्हीं क्रमाक्रमानें शोध घेतला. इतरांचा खेळ सुरळीत चालला होता. संगणकाचें घड्याळ बरोबर होतें. तें चुकलें तर सुरक्षित संबंधाचीं प्रमाणपत्रेंच अवैध ठरतात. खेळाच्या फाइली तपासल्या, हस्तकाची पुनःस्थापना केली. शेवटीं घरच्या अँटिव्हायरसची नोंदवही उघडली आणि उलगडा झाला. हस्तकाची नवी आवृत्ति त्याला अनोळखी वाटली होती, व तिचा प्रत्येक निरोप तो उंबरठ्यावरच अडवीत होता. दोन पहारेकरी एकमेकांना चोर समजत होते, आणि शिक्षा मात्र घरच्या पोराला! अँटिव्हायरस सबंध बंद करण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. आम्हीं हस्तकावरची सही मूळ कंपनीचीच आहे हें पाहून तेवढ्या एकालाच परवाना दिला, आणि काम भागलें.

मुलाचा राग मात्र भागला नाहीं. "मी लबाडी करत नाहीं, मग माझी झडती कां?" हा त्याचा प्रश्न उडवून लावण्याजोगा नव्हता. २०२० सालीं 'व्हॅलोरंट' या खेळाबरोबर आलेला 'व्हॅनगार्ड' तर संगणकाबरोबरच जागा होतो व त्याच्या कार्यप्रणालीच्या थेट गाभ्यांत ठाण मांडतो. करमणुकीपायीं माजघरापर्यंत शिरलेला हा पाहुणा अनेकांना रुचत नाहीं. पण पत्त्यांच्या डावांत समोरच्याचे हात दिसतात. येथें हातही दिसत नाहींत आणि चेहराही. तेथें पहारा येणारच.

माझी तक्रार पहाऱ्याच्या भाषेविषयीं आहे. त्या संदेशांत 'फसवणूक' हा शब्द आधीं येतो, 'संबंध तुटला' हें मागाहून. आणि वाचणारा पहिल्या शब्दाशींच अडखळतो. 'तुमची ओ ऐकूं आली नाहीं' एवढेंच म्हटलें असतें, तर एका मुलाचें जेवण वांचलें असतें. पण यंत्राला तरी काय बोल लावावा? निरोपाचें उत्तर आलें नाहीं, कीं आपणही जुन्या स्नेह्याला गर्विष्ठ ठरवून मोकळे होतों. वाटेंत कुठल्या उंबरठ्यावर त्याची ओ अडली असेल, याची चौकशी किती जण करतात?