बिनजागेचा भाडेकरू

गिरगाव ते परळ या पट्ट्यात माणसाची ओळख आधी जागेवरून होते : चाळ कुठली, मजला कितवा, खोली केवढी. या हिशेबाने ई-पुस्तक हा इथला सर्वांत समजूतदार गृहस्थ. नायगाव-परळच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात माणसं, भांडी, देव आणि पाण्याचं पिंप मावल्यावर पुस्तकांनी राहायचं कुठे? हा मात्र अख्खं कपाट घेऊन येतो आणि फोनमध्ये मुक्काम करतो. त्याला पावसाळ्यात कसर लागत नाही, दिवाळीत कुणी माळ्यावर टाकत नाही.

मराठी त्याला उशिराच आलं. किंडलवर आपली पुस्तकं रीतसर विकायला लागली ती डिसेंबर २०१६ मध्ये. सुरुवातीला फार अडखळायचा. श्रीलिपीसारख्या फाँटात लावलेला मजकूर युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरं फुटत. ‘दुसऱ्या’तला ‘ऱ्या’ भलताच होऊन बसे. ज्या मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढून देवनागरी खिळ्यांना देखणं वळण दिलं, तिथल्या वाचकाच्या डोळ्यांत हे खुपणारच. आता बराच सुधारलाय. दादरला लोकलमध्ये घुसल्यावर एका हाताने कडी धरावी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पान उलटावं. त्याची तक्रार नसते.

किमतीचा विषय निघाला की मात्र तो वकिली करू लागतो. “कागद नाही, शाई नाही, बांधणी नाही, मग पैसे कसले?” असं गिऱ्हाईक विचारतं. उत्तर तयार असतं : लेखकाचं मानधन, संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ यांचा खर्च कागद नसला तरी होतोच. फाइल नीट लावून घ्यावी लागते, विकणारं संकेतस्थळ आपला वाटा कापतं. शिवाय छापील पुस्तकाला जीएसटी नाही, याला आहे. २०१८ साली तो १८ टक्क्यांवरून ५ वर आला, तोही छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकांपुरता. यातलं काही खोटं नाही.

तो बोलत नाही ते पुढचंच. पैसे मोजूनही तो आपल्या मालकीचा होत नाही. गिरगावातला पागडीवाला तरी बरा! तोही मालक नसतो, पण घरमालकाचा वाटा देऊन खोली दुसऱ्याच्या नावे करता येते, नाहीतर मुलं तिथेच राहतात. ई-पुस्तकाची पागडी याहून कच्ची. मिळतो तो वाचण्याचा परवाना. वाचून झाल्यावर विकायची सोय नाही, शेजारणीला द्यायची नाही. जुलै २००९ मध्ये ऑरवेलच्या ‘१९८४’च्या एका आवृत्तीच्या प्रती अ‍ॅमेझॉनने गिऱ्हाइकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या, कारण ती विकायला ठेवणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत मिळाले, पुस्तक गेलं.

दादरच्या ‘आयडियल’मधून आणलेलं छापील पुस्तक चार घरं फिरतं, पाचव्या घरी अडकतं. १८९८ सालच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी एकच प्रत किती हातांतून जाते! किंमत एकदाच मोजलेली असते, वाचणारे वाढत जातात.

म्हणून याच्याशी घासाघीस करावी. समजा, छापील पुस्तक ३०० रुपयांचं, सवलतीत २४० ला मिळतंय आणि हा २२० मागतोय. वीस रुपये वाचवायला देण्याचा, विकण्याचा, मागे ठेवण्याचा हक्क कुणी सोडावा? शंभराला आला तर एकदा वाचून सोडायच्या कादंबरीसाठी बेलाशक घ्यावा. साने गुरुजी १९५० साली गेले. मुदत सरल्याने त्यांची ‘श्यामची आई’ २०११ पासून स्वामित्वहक्कातून मोकळी आहे. तिच्यासाठी याने खिशात हात घातला तर सरळ हुसकून लावावं.

एक अपवाद. घरात मोतीबिंदूचे आजोबा असतील तर २२० रुपये निमूट द्यावेत. आयडियलवाले सवलत वाढवून देतील एक वेळ. अक्षर वाढवून कुठून देणार?