आमची पाठ आणि आमचें वाहन

सासष्टाव्या वर्षीं माणसानें आपल्या मोटारसायकलीविषयीं लिहावें, हें कित्येक वाचकांस विचित्र वाटेल. निवृत्त शिक्षकानें या वयांत कृष्णेच्या घाटावर बसून नातवंडांस शब्दरूपें सांगावीं अशी लोकांची अपेक्षा असते. आणि तें कामही आम्ही करितों. परंतु गेल्या चार महिन्यांत आमच्या पाठीनें व आमच्या वाहनानें मिळून आम्हांस जो धडा दिला, तो आमच्या वयाच्या गृहस्थांस व त्यांच्या घरच्या मंडळींस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आमचें शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंत. त्यापुढें जें झालें तें तीर्थरूपांपाशीं घरीं शिकलेलें संस्कृत. एवढ्या भांडवलावर शिक्षकाची परीक्षा देऊन आम्ही पांचगणीच्या एका शाळेंत लागलों. बिऱ्हाड मात्र वाईसच, वडिलोपार्जित वाड्यांत. मध्यें पसरणीचा घाट. १९९१ सालीं आम्हीं हप्त्यानें मोटारसायकल घेतली आणि निवृत्त होईपर्यंत सव्वीस वर्षें तो घाट रोज चढलों व उतरलों. मधल्या काळांत जुनी गाडी जाऊन नवी आली, घाटांतलें धुकें मात्र तेंच राहिलें. एवढ्या वर्षांत वाहनानें आम्हांस एकदांही पाडलें नाहीं, ही गोष्ट आम्ही पाहुण्यांस आवर्जून सांगत असूं.

अखेर पाडलें तें आमच्या अभिमानानें, आणि तेंही घरच्या अंगणांत. आषाढांतील दिवस, फरशीवर शेवाळ. गाडी मधल्या स्टँडवर लावावयाची होती. धाकट्या बंधूंचे चिरंजीव ओटीवरून म्हणाले, "काका, थांबा, मी लावतों." आम्हीं ऐकिलें नाहीं. गाडीचें वजन दीडशें किलोच्या आंतबाहेर. पाय किंचित् सरकला, कंबर वांकलेली होती ती त्याच क्षणीं पिळली, आणि आंत कांहींतरी कट् असें झालें. गाडी स्टँडवर लागली. आम्ही मात्र तसेच वांकलेले राहिलों.

पुढचे तीन आठवडे घरगुती उपायांत गेले. निर्गुडीचा शेक झाला, महानारायण तेल झालें, सुंठीचा लेप झाला. कंबर जराशी सैल झाली, तोंच वेदनेनें मुक्काम हलविला. ती डाव्या नितंबांतून मांडीच्या मागल्या अंगानें पोटरींत व तेथून अंगठ्यांत उतरली. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील वातव्याधींच्या अध्यायांत गृध्रसी नामक विकार सांगितला आहे. नितंबापासून कंबर, मांडी, गुडघा, पोटरी असे टप्पे घेत पावलापर्यंत उतरणें हें त्याचें लक्षण. तरुणपणीं आम्हीं तें नुसतें पाठ केलें होतें. अर्थ कळावयास चाळीस वर्षें लागलीं.

याच दिवसांतील एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे, कारण खरें म्हणजे तिच्यासाठींच हा लेख आहे. पहांटे अंथरुणावरून उठतांना आम्हांस ब्रह्मांड आठवे. एके दिवशीं आमचें कुटुंब जवळ येऊन म्हणालें, "असे सरळ उठूं नका. आधीं कुशीवर वळा, पाय पलंगाखालीं सोडा, आणि मग हातानें रेटून बसते व्हा." तसें केलें, आणि काय आश्चर्य, कळ निम्म्यानें कमी! आम्हीं विचारिलें, "हें तुला कोणीं शिकविलें?" ती पांघरुणाची घडी घालीत म्हणाली, "कोण शिकविणार? अकरा वर्षें झालीं, मी अशीच उठतें."

अकरा वर्षें! आम्हांस आठवेना कीं तिनें कधीं पाठीचें गाऱ्हाणें केलें. मग हळूहळू आठवलें. केलें होतें, दोनदां तरी केलेंच होतें. आम्हीं वर्तमानपत्रांतून मान न काढतां "सुंठीचा लेप लाव" असें सांगितलें होतें. आमच्या मागें एका अंगानें बसून तिनें किती प्रवास केले, त्याची गणती नाहीं. त्या दिवशीं ती एवढेंच बोलली, "तुम्हांला खड्डा आधीं दिसतो, तुम्ही सांवरून बसतां. मला तो बसल्यावर कळतो." या वाक्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, अद्यापिही नाहीं.

चवथ्या आठवड्यांत साताऱ्यास जाऊन कण्याची एम्. आर्. आय्. तपासणी केली. अरुंद बोगद्यांत निश्चल पडावयाचें, आणि सभोंवतीं लोहाराच्या ऐरणीवर घण पडावे तसा आवाज. आम्हीं मनांतल्या मनांत रामरक्षेचीं चार आवर्तनें केलीं. तीं छायाचित्रें घेऊन पुण्याच्या शस्त्रवैद्यांकडे गेलों. गृहस्थ आमच्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. परंतु समजावून सांगण्याची हातोटी अशी, कीं ते शिक्षक झाले असते तरी चाललें असतें.

त्यांनीं सांगितलें तें थोडक्यांत असें. कण्यांत मानेचे ७, पाठीचे १२ व कंबरेचे ५ मिळून २४ सुटे मणके असतात. बहुतेक मणक्यांच्या मधोमध एकेक चकती असते. तिचें कवच चिवट आणि आंतील गर मऊ. उकडीच्या मोदकाची पारी फाटून सारण बाहेर यावें, तसा आमच्या कंबरेच्या चवथ्या व पांचव्या मणक्यांमधील गर बाहेर येऊन पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर दाबत होता. पायांत उतरणाऱ्या कळेचें मूळ पुष्कळदां अशा फाटलेल्या चकतींत असतें, हें १९३४ सालीं अमेरिकेंतील मिक्स्टर व बार या शस्त्रवैद्यांनीं प्रसिद्ध केलें. चकतीवरील दाब उभ्यापेक्षां बसल्यानें वाढतो, आणि वांकून ओझें उचलल्यानें त्याहून फार वाढतो. म्हणजे आमचा एकंदर दिनक्रम व तो अंगणांतील पराक्रम, दोन्ही चकतीच्या मुळावरच आलेले.

"मग सुरी लावणार काय?" आम्हीं विचारिलें. ते म्हणाले, "गुरुजी, आज नाहीं. पायांत जोर आहे तोंवर थांबूं." बाहेर आलेला गर शरीर पुष्कळदां आपोआप शोषून घेतें, आणि बहुतेकांस सहा ते बारा आठवड्यांत उतार पडतो. २००७ सालीं हॉलंडमध्यें अशा २८३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची शस्त्रक्रिया लवकर झाली, त्यांचा पाय लवकर थांबला. परंतु वर्षअखेर दोन्ही गटांची प्रकृति जवळजवळ सारखी होती. थांबलेल्यांपैकीं शंभरांत ३९ जणांस मात्र शेवटीं शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर मात्र एक रात्रही न थांबतां रुग्णालय गांठावें, असें त्यांनीं दोनदां बजाविलें. वाचकांनींही हें लक्षांत ठेवावें.

आम्ही थांबलों. व्यायाम शिकविणाऱ्या बाई घरीं आल्या. त्यांनीं पहिल्याच दिवशीं अंथरुणावरून उठण्याची जी रीत दाखविली, ती अक्षरशः आमच्या कुटुंबाचीच होती. कळ थोडी कमी झाली. परंतु अकराव्या आठवड्यांत आंगठ्यानें चप्पल धरवेना. पुन्हां पुण्यास गेलों. वैद्यांनीं दोन्ही आंगठे वर उचलावयास सांगितलें. उजवा उठला, डावा जागचा हलला नाहीं. उनाड विद्यार्थ्यास उभें राहा म्हणावें आणि त्यानें ऐकूं नये, तसें आम्हांस वाटलें.

मोटारसायकलस्वारास याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं. आमच्या गाडीचा पहिला गिअर खालीं दाबावयाचा, पुढचे सगळे डाव्या पायाच्या बोटांनीं वर उचलावयाचे. सव्वीस वर्षें घाटांत ज्या आंगठ्यानें विचार न करितां काम केलें, तोच आतां आज्ञा मानीत नव्हता. वैद्य म्हणाले, "आतां मी थांबा म्हणणार नाहीं. जोर कमी होत आहे."

घरीं मंडळी बसली. शेजारच्यांनीं ऐकविलें होतें कीं पाठीस सुरी लागली म्हणजे माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. ही शंका आम्हीं वैद्यांपुढें मांडली होती. मुख्य मज्जारज्जु कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशींच संपतो. त्याखालीं सुट्या तंतूंचा झुबका असतो, व त्यास वैद्यकांत घोड्याच्या शेपटीचें नांव आहे, असें त्यांनीं सांगितलें. अश्वपुच्छ! स्वाराच्या कंबरेंत घोड्याचें शेपूट असावें, हें आम्हांस सयुक्तिक वाटलें. सूक्ष्मदर्शकाखालीं दोन-तीन सेंटिमीटरांच्या छेदांतून फक्त सुटलेला तुकडा काढावयाचा. पायाची कळ जाण्याची आशा चांगली, कंबरेच्या दुखण्याची तितकी नाहीं. आंगठ्याचा जोर परत येण्यास महिने लागतील, आणि पुरा येईलच असें वचन नाहीं. शंभरांत पांच-दहा जणांची चकती पुन्हांही बाहेर येते. वैद्यांनीं कांहीं लपविलें नाहीं, म्हणूनच आमचा त्यांच्यावर विश्वास बसला.

बंधु म्हणाले, "दादा, शस्त्रक्रिया करा, पण गाडी विकून टाका." चिरंजीवांनीं गिऱ्हाईकही पाहून ठेविलें होतें. आम्ही गप्प. गाडी विकणें म्हणजे भाजी, औषध, बँक, मित्राचें घर, सगळ्यांसाठीं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणें. हें ज्याच्यावर येतें त्यासच कळतें. माजघराच्या दारांतून आमचें कुटुंब बोललें, "विकायचें कीं नाहीं तें मागाहून पाहतां येईल. आधीं त्यांना पाऊल उचलूं द्या." सभा तेथेंच संपली.

त्यानंतर आम्ही पुण्यास गेलों तेव्हां रुग्णांच्या यादींत दोन नांवें घातलीं, आणि तिचें नांव वर लिहविलें. तिची तपासणी झाली. सुदैवानें शस्त्रक्रियेचें कारण नाहीं. व्यायाम सांगितले आहेत. आतां सकाळीं ओटीवर दोन सतरंज्या शेजारीं पडतात, आणि नातवंडें आम्हां दोघांस मोठ्यानें आंकडे मोजून देतात. अकरा वर्षें उशीर झाला. तिनें तो बोलून दाखविला नाहीं, आम्हीं बोलून दाखविला.

परवां पुण्यास जाऊन दाखल व्हावयाचें आहे. संमतिपत्रावर सही झाली. भीति वाटत नाहीं असें लिहिलें तर तें असत्य होईल. गाडी आच्छादन घालून पडवींत उभी आहे. पुतणे आठवड्यांतून एकदां ती पांच मिनिटें चालू ठेवितात, आणि ती मधल्या स्टँडवर लावण्याचा अधिकार आम्हीं त्यांस कायमचा दिला आहे. पुढें आंगठ्यानें साथ दिली आणि वैद्यांनीं अनुज्ञा दिली, तर सपाट रस्त्यानें मंडईपर्यंत जाऊं. साथ न दिली तर किल्ली आम्हीच पुतण्यांच्या हातीं देऊं, कोणी मागण्याआधीं.

काल सहज कुटुंबास विचारिलें, "बरा झालों तर मागें बसशील काय?" ती म्हणाली, "मी एस्. टी. नें येईन. तुम्ही आधीं पोहोंचून माझी वाट पाहा." आम्हीं तें मान्य केलें आहे.