ओल्या थंडीतली सायकल

पाऊस आणि थंडी जोडीनं येतात, हे मराठी मनाला पटायला वेळ लागतो. आपला पाऊस उबदार. त्यात भिजण्याचं सुख वेगळंच. थंडी येते ती कोरडी, दिवाळीच्या सुमाराला. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला मात्र नोव्हेंबर लागला की दोघांचा मुक्काम एकदमच पडतो. चार-पाच अंश तापमान, समुद्राकडून येणारा नैर्ऋत्येचा वारा आणि चष्म्यावर साचत राहणारा बारीक पाऊस. डिसेंबरअखेर सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो, साडेचारला मावळतो. तरी हे शहर सायकलवरच असतं.

म्हणून पानं पिवळी पडू लागली की मी सायकल ओव्हरऑइलिंगला काढतो. इथल्या जुन्या वळणाच्या सायकली पावसातच घडल्या आहेत. चेनवर पूर्ण झाकण, लांब मडगार्ड, ब्रेक हबच्या पोटात बंद. रिमवर घासणारं ब्रेकचं रबर ओलं झालं की उशिरा धरतं. हबमधल्या ब्रेकला पावसाचा पत्ताही नसतो. टायरवरून बोट फिरवून रुतलेल्या काचा काढायच्या, कारण ओल्या रबरात काच सहज घुसते. हवा किंचित कमी ठेवायची, म्हणजे टायर रस्ता नीट पकडतो. चेन पुसून तिच्या सांध्यासांध्यात तेलाचा थेंब सोडायचा आणि वरचं तेल पुन्हा पुसायचं. मग दिवे तपासायचे. पुढे पांढरा, मागे लाल, दोन्ही स्थिर; लुकलुकणारा दिवा इथल्या कायद्याला चालत नाही.

मग स्वतःची तयारी. नुसत्या रेनकोटवर भागत नाही. बंद रेनकोटात माणूस आतून घामानं भिजतो. दारातून निघताना थोडी हुडहुडी भरली तर कपडे बरोबर झाले असं समजावं. आत लोकर असावी, ती ओली झाली तरी ऊब धरून ठेवते. सगळ्यांत जास्त जपायचे ते हात, कारण बोटं बधिर झाली की ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. ओली पानं, रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं यांच्यावर वळायचं नाही, ब्रेकही दाबायचा नाही. सरळ, शांतपणे पुढे जायचं.

एवढं झालं की मन मोकळं होतं. पाय कोरडे आणि हात उबदार असले म्हणजे डोळे पाहू लागतात: कालव्यावर उठणारी थेंबांची वर्तुळं, ओल्या विटांवर सांडलेला खिडक्यांचा उजेड, आणि अंधारातच शाळेला निघालेली मुलं, दप्तरं कॅरिअरला बांधून, गप्पा मारत.

ती मुलं पाहिली की कळतं, माझी तयारी ही निम्मीच तयारी आहे. उरलेली निम्मी शहरानं केलेली असते. पाणी गोठण्याची चिन्हं दिसली की सायकलींच्या वाटांवर मीठ टाकणाऱ्या गाड्या फिरतात. 2019 साली इथल्या स्टेशनाखालचा सायकलतळ पूर्ण झाला. त्यात 12,500 सायकली कोरड्या राहतात. आणि या सगळ्यामागे एक मोठं दुःख आहे. 1971 साली या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत 3,000हून अधिक माणसं मेली, त्यांत 400हून अधिक मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, आईबापांनी मुलांसाठी निर्धोक रस्ते मागितले आणि पुढच्या काही दशकांत गाड्यांपासून वेगळ्या वाटा बांधल्या गेल्या. आज पावसात ज्या वाटेनं मी निर्धास्त जातो, ती त्या मागणीतून आली आहे.

पुणंही एके काळी सायकलींचं शहर होतं. तिथल्या पावसात आजही एखादी मुलगी सायकलनं शाळेला निघत असेल. तिच्या सायकलचे ब्रेक घरचे तपासतील, दप्तराला प्लास्टिक बांधतील, तिला रेनकोट घालतील. तिच्यासाठी गाड्यांपासून वेगळी वाट मात्र शहरालाच बांधावी लागेल, आणि ती आपण सगळ्यांनी मागितल्याशिवाय मिळणार नाही.