किंमत तुम्हीच सांगा

घासाघीशीत आम्ही महाडकर कुणाला हार जायचे नाही; पण समोर माणूसच नसेल तर घासाघीस करायची कुणाशी? माझ्या धाकटीचा मुलगा न्यू जर्सीला असतो. न्यूयॉर्कात खोली हवी तर तो संगणकावर बोली लावीत असे. प्राइसलाइन कंपनीने 1998 साली ही तऱ्हा काढली होती. शहराचा भाग सांगायचा, तारे सांगायचे, परवडेल तो आकडा टाकायचा. कार्डाचा नंबर मात्र आधी! बोली लागली की पैसे गेले; हॉटेलचे नाव कळणार ते त्यानंतर. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबतात, पण तिथे निदान बैल तरी उघड्यावर उभा असतो! हॉटेलवाल्याचेही खरेच. रिकामी खोली रात्र सरली की मासळीसारखी नासते. स्वस्तात द्यावी, पण नाव झाकून. नाहीतर पुरा भाव देणारे गिऱ्हाईक बिथरायचे.

गेल्या साली ताईला टाटा रुग्णालयात न्यायचे ठरले, तेव्हा हा तिकडून मुंबईतल्या खोल्यांचे उतरते भाव वाचू लागला. ताई म्हणाली, "स्वस्त-महाग राहू दे रे. जिना किती आहे? आणि पेज शिजवायला मिळेल का?"

"मावशी, ते इथं लिहिलेलं नाही."

औद्योगिक वसाहतीतल्या एका कामगाराचे वडील दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून आले होते. टाटाचे पुष्कळ रोगी तिथे उतरतात. दुसऱ्या दिवशी पहाटेची एस्टी धरून मी आधी एकटाच जिना पाहून आलो.